रिलिव्हर आल्याशिवाय

६ ऑगस्ट २०११, शनिवार
मरीन परेड, सिंगापूर

बाबा,

आईने परत हातात पेन दिलंय आणि समोर बसलीय. म्हणते, "लिही काहीतरी, तुझं अक्षर चांगलं आहे." काय लिहायचं ते तिलाही माहीत नाही.

आधीच सांगते, मला हे अजिबात आवडत नाही. हे पत्र घेऊन मी तुआसला जाणार. बस, मग एमआरटीची ट्रेन शेवटच्या स्टेशनपर्यंत, मग परत बस. सिंगापूर संपत आलं की तुमचं ऑफिस. तिथली लिम आन्टी हे फॅक्सला लावणार. तिकडे त्रिपोलीत जहाजाच्या ब्रिजवर ते निघणार, ड्यूटीवर जो असेल तो वाचणार, मग कॅप्टन काका वाचणार, आणि मग तुमच्या केबिनच्या दाराखालून आत सरकवणार. ईमेल चालत नाही, कारण युद्ध सुरू झाल्यापासून तिकडचं इंटरनेट बंद आणि जहाजाच्या सॅटेलाइटवर फक्त ऑफिसचं येतं-जातं. मला वर्गात उभं राहून स्वतःचं नाव सांगता येत नव्हतं, आणि आता माझं पत्र सगळं जहाज वाचणार!

कॅप्टन काका, वाचत असाल तर नमस्कार.

बाबा, मार्चमध्ये सगळे भारतीय तिथून निघाले. सरकारने जहाजं पाठवली, विमानं पाठवली. तुमच्या ड्रेजरवर तुम्ही थोडे जण राहिलात, कारण जहाज रिकामं सोडायचं नसतं. बंदरातला गाळ काढायचं काम बंद, तरी गाळ काढणारं जहाज सांभाळायला माणसं हवीत. बरं. जुलैत माल्ट्याहून बोट आली, तिच्यात जागा मिळाली नाही असं तुम्ही आईला कळवलंत. बरं. ऑफिसला रोज रिपोर्ट येतो, त्याच्याखाली तुमची एक ओळ असते, "ऑल वेल. रविंद्र." ती ओळ आई कापून फ्रिजवर लावते. सगळ्या ओळी सारख्याच आहेत. एकच लावली असती तरी चाललं असतं.

फोन लागायचा तेव्हाही मी उचलला की तुम्ही म्हणायचात, "आईला दे." जानेवारीपासून तेच. मी शाळा सोडली त्या दिवशी म्हणालात, "अर्धवट सोडून येणाऱ्या माणसाशी मी काय बोलणार?" मला वाटलं दोन दिवस राग राहील. तुम्ही तर जहाजावर निघून गेलात.

धाकटी इरा विचारते, "बाबांच्या शिपवर गन आहे का?" मी म्हटलं नाही. तर इथल्या पोरांसारखं म्हणाली, "देन हाऊ, लाह?" नऊ वर्षांच्या पोरीला कळतं.

आई म्हणते, शेवटी "काळजी घ्या" लिही. लिहिलं.

योगिनी


१२ ऑगस्ट
मरीन परेड

बाबा,

बोटीत जागा होती.

हे मला आईकडून नाही कळलं, ऑफिसकडूनही नाही. प्रतापदादा भेटला, तुमचा सेकंड इंजिनियर. जुलैत त्या बोटीने आला ना, तो आता तुआसच्या यार्डात काम करतोय. मी फॅक्स देऊन परत निघाले होते, तर बसस्टॉपवर म्हणाला, "तू चीफ इंजिनियरची मुलगी ना? तुझी पत्रं वाचलीयत मी. मे महिन्यातलं ते मोदकांचं, फार भारी होतं." मला वाटलं बसखाली जावं. मे महिन्यात जे काय लिहिलं होतं ते आईने सांगितलं होतं.

मग मीच विचारलं. मी, बाबा. स्वतःहून. म्हटलं, बाबांना जागा का नाही मिळाली?

तो म्हणाला, "जागा? अगं, अर्धी बोट रिकामी होती. चीफच म्हणाले, रिलिव्हर आल्याशिवाय मी उतरत नाही."

आता मला लहानपणापासून माहितीय रिलिव्हर म्हणजे काय. तुमच्या जागी दुसरा चीफ येणार, तुम्ही त्याला सगळं इंजिन फिरून दाखवणार, कुठला व्हॉल्व्ह गळतो ते सांगणार, दोघं सही करणार, मग तुम्ही बॅग उचलणार. माझ्या तिसऱ्या वाढदिवसाला, मामेभावाच्या मुंजीला, आजोबा गेले तेव्हा, दर वेळी आई लोकांना हेच सांगायची, "रिलिव्हर आला नाही ना अजून." पण ते मुंबई, दुबई, सिंगापूरला. त्रिपोलीत कोण येणार? विमानतळ बंद आहे. वरून बॉम्ब पडतायत. कुठला शहाणा चीफ बॅग घेऊन येईल आणि म्हणेल, या, मला व्हॉल्व्ह दाखवा?

मी प्रतापदादाला म्हटलं, "मग तू कसा आलास?"

"मी चीफना हँडओव्हर केलं ना."

"आणि बाकीचे?"

"त्यांनीपण. चीफ म्हणाले, द्या माझ्याकडे, जा."

म्हणजे सगळे तुमच्याकडे देऊन घरी आले, उरलात फक्त तुम्ही आणि कॅप्टन काका. आणि तुम्ही आम्हाला खोटं सांगितलंत की जागा नव्हती. मला अर्धवट सोडण्यावरून सहा-सात महिने शिक्षा, आणि तुम्ही खोटं बोललात त्याचं काय?

आईला अजून सांगितलं नाहीये. ती फ्रिजपाशी उभी राहून दूध तापवते आणि तुमच्या ओळींकडे बघते. मी कसं सांगू?

"काळजी घ्या" या वेळी लिहिणार नाही. घेत नाही आहात तर कशाला.

योगिनी


२१ ऑगस्ट, रविवार
मरीन परेड

बाबा,

रविवार आहे, ऑफिस बंद आहे, हे पत्र आज जाणार नाही. तरी लिहितेय, कारण बोलायला कोणी नाही.

सकाळी टीव्ही लावला तर त्रिपोलीवर हल्ला. बंडखोर शहरात शिरले. पश्चिमेकडून गाड्या भरभरून येतायत, आणि काही जण समुद्रातून बोटींनी आले. मशिदींच्या भोंग्यांवरून लोकांना बाहेर पडा म्हणून सांगितलं म्हणे. नकाशावर लाल बाण दाखवतात. सगळे बाण शहराकडे. शहराच्या वर निळा समुद्र, आणि तिथूनपण एक बाण निघालाय. आई बोट लावून म्हणाली, "बंदर कुठे आहे यात?" मी म्हटलं, दिसत नाही. बाणाच्या टोकाखालीच होतं.

मग मी तिला जागेचं सांगितलं. वेळ चुकीची होती, मला कळतं. पण ती म्हणत होती, "त्या कॅप्टनने माणुसकी दाखवली असती तर जुलैतच आले असते," आणि मला ते सहन झालं नाही. रागाने सांगून टाकलं. दूध उतू गेलं, तिने पुसलंपण नाही.

तेवढ्यात देवगडहून सुरेखा काकूंचा फोन. कॅप्टन काकांच्या पत्नी. आईने स्पीकरवर ठेवला. काकू रडत होत्या आणि रागावलेल्यापण होत्या, एकाच वेळी.

"प्रेमा, तुझ्या नवऱ्याला सांग गं उतरायला! त्याच्यापायी आमचे अडकलेत."

आई म्हणाली, "आमच्यापायी? अहो, कॅप्टनने सोडलं तर हे येतील ना!"

"कॅप्टन कधी कुणाच्या आधी उतरतो का? एक माणूस जरी जहाजावर असला तरी कॅप्टन उतरत नाही. तुझा चीफ बसलाय खाली इंजिनपाशी, म्हणून हे वर बसलेत!"

"आणि चीफ बसलाय कारण कॅप्टन वर आहे! कॅप्टनला तिथे एकटा, अंधारात सोडून येतील का हे? दिवे कोण लावणार, पंप कोण चालवणार?"

"मग कॅप्टनने काय करायचं?"

"मग चीफने काय करायचं?"

असं बराच वेळ चाललं. शेवटी दोघी रडल्या आणि "स्वतःला जपा" म्हणून फोन ठेवला. टीव्हीवर गोळ्यांचे आवाज चालूच होते. इरा उशीत डोकं खुपसून बसली होती.

आणि मी तिथे बसून विचार केला की हे दोन म्हातारे मार्चपासून एकमेकांसाठी थांबलेत. एक ब्रिजवर, एक इंजिनरूममध्ये, मध्ये तीन जिने. रोज एकत्र जेवत असणार. आणि एकानेही दुसऱ्याला विचारलं नसेल की बाबा रे, तू का उतरत नाहीस? विचारलं की अपमान होतो वाटतं!

मला लाजाळू म्हणता. तुम्ही दोघं काय आहात मग?

योगिनी


२२ ऑगस्ट, सोमवार
तुआस, ऑफिसमध्ये बसून

बाबा,

ऑफिस उघडायच्या आधीच येऊन बसले. लिम आन्टी म्हणाली, "गर्ल आ, यू अगेन? ईट ऑलरेडी ऑर नॉट?" आणि तिचा बन मला दिला. मॅनेजर सुबोध सर आले ते सरळ केबिनमध्ये गेले, काचेतून हात हलवला. मी खुर्चीतून उठले नाही. दुपारी ते जेवायला बाहेर पडले तेव्हा दारातच उभी राहिले. काय बोलायचं ते पाठ केलं होतं, ते सगळं विसरले. नुसतंच म्हटलं, "जिवंत आहेत का?"

ते म्हणाले, "आहेत गं. पहाटेच सॅटेलाइटवर बोललो. बंदराच्या गेटवर गोळीबार आहे, पण जहाजावर कोणी आलं नाही. पोर्टची माणसं सगळी पळालीत, ड्रेजर ओढून बाहेर काढायला टगबोटसुद्धा नाही."

"मग त्यांना उतरवा."

"बेटा, कंपनीने कुणाला अडवलं नाही. मदतीचं एक जहाज बेनगाझीहून निघतंय, परदेशी लोकांना न्यायला. दोन-तीन दिवसांत त्रिपोलीला लागेल. मी दोघांनाही म्हटलं, त्यात चढा. चीफ म्हणतात रिलिव्हर नाही. कॅप्टन म्हणतात चीफ चढले तर बघू. आता मी इथून काय करणार? जहाजावर हुकूम कॅप्टनचा."

म्हणजे काकू आणि आई जे बोलत होत्या तेच, फक्त एसीमध्ये.

आता पुढचं कॅप्टन काकांसाठी आहे. बाबा, तुम्ही हे वाचलं तरी चालेल. उलट वाचाच.

कॅप्टन काका, तुम्ही माझी पत्रं वाचता, म्हणून सरळ लिहिते. बाबा तुमच्यासाठी थांबलेत. तुम्ही बाबांसाठी थांबलात. रिलिव्हर वगैरे बाबा म्हणतात, ते खरं असेल, त्यांचा स्वभाव आहे तो. पण तुम्ही उद्या बॅग उचललीत तर ते एकटे त्या जहाजावर राहतील असं मला नाही वाटत. तुम्हीही त्यांच्याशिवाय नाही राहणार. मग प्लीज, आज जेवताना एकमेकांना विचारा. नुसतं विचारा. मोठ्या माणसांना सांगायला मला कसंतरी वाटतं, पण इथे कोणीच सांगत नाहीये.

बाबा, आई काल रात्री जेवली नाही. सकाळीपण नाही. हे तुम्हाला सांगू नकोस म्हणाली.

योगिनी


(फॅक्स)
ब्रिज, त्रिपोली बंदर
२३ ऑगस्ट

योगिनी बाय,

तुझं पत्र मी चीफला दाराखालून दिलं नाही. मेसमध्ये टेबलावर ठेवलं आणि म्हटलं, वाच, तुझ्या मुलीने मला लिहिलंय. त्याने चष्मा लावून वाचलं. मग म्हणाला, "कॅप्टन, तुम्ही माझ्यासाठी थांबलात?" मी म्हटलं, "मग काय तुझ्या हातच्या खिचडीसाठी?"

त्यावर हसायला हवं होतं. हसला नाही. ताट तसंच ठेवून खाली इंजिनरूममध्ये गेला. अजून वर आलेला नाही. जनरेटरचा आवाज येतोय म्हणजे खाली ठीक आहे.

शहरात धूर दिसतो. सकाळपासून मोठे धमाके आहेत, पण आमच्यापासून लांब. कालपासून धक्क्यावर कोवळी पोरं बंदुका घेऊन फिरतात. काल एकाने आमच्या धुराड्यावर गोळी मारली, सहज, गंमत म्हणून. मग हात हलवला. चीफने पण हलवला.

आता कामाचं. मदतीचं जहाज परवा सकाळी लागेल असं कळतंय. मी चीफला लेखी हुकूम देऊ शकतो की जनरेटर बंद कर आणि उतर. दिला तर तो उतरेल, हुकूम मोडणारा माणूस नाही तो. पण त्याच्या तीस वर्षांच्या नोकरीत त्याने इंजिन कुणाच्या हाती न देता सोडलं, असं होईल, आणि ते मी करायला लावलं, असं होईल. मग तो माझ्याशी बोलणार नाही. किती दिवस, ते तुला जास्त माहीत.

मला पण भीती वाटते गो. म्हणून तुलाच विचारतो. हुकूम देऊ काय?

दीनानाथ


२४ ऑगस्ट
तुआस

कॅप्टन काका,

द्या.

नाही बोलले तर आपण दोघं एकमेकांशी बोलू. मला सवय झालीय, तुम्हालाही होईल.

हे मी लिम आन्टीच्या टेबलावर उभ्याने लिहितेय. सुबोध सर म्हणाले, "मुलीला असं विचारायचं नसतं, कॅप्टनचंही काहीतरीच." मी त्यांना म्हटलं, "मग तुम्ही सांगा." मोठ्याने म्हटलं बहुतेक. सगळं ऑफिस बघायला लागलं. त्यांनी टायपिस्टला बोलावून घेतलं आणि कंपनीतर्फेही लिहून दिलं, जहाज बंद करून सर्वांनी उतरावे. ते याच्यामागोमाग येईल.

पण आधी माझं वाचा.

योगिनी


३१ ऑगस्ट
मरीन परेड

बाबा,

हे पत्र कैरोच्या तुमच्या हॉटेलवर येतंय. काल हरी राया, म्हणजे ईद होती, ऑफिसला सुट्टी होती, तरी लिम आन्टीने नंबर शोधून ठेवला होता. म्हणाली, "लास्ट वन हॉ, आफ्टर धिस यू टॉक टॉक विथ युवर पापा."

सुरेखा काकूंकडून बातम्या कळतात. तुम्ही आणि कॅप्टन काका एकाच खोलीत राहता, आणि तुम्ही त्यांच्याशी बोलत नाही. मीठ हवं असलं तर वेटरला सांगता की त्या साहेबांकडून मागून घे. हद्द झाली बाबा! त्या माणसाने तुम्हाला जिवंत बाहेर काढलं. काकू म्हणाल्या, मदतीचं जहाज भोंगा देत होतं, धक्क्यावर पुन्हा गोळीबार सुरू झाला होता, आणि तुम्ही खाली जाऊन एकेक व्हॉल्व्ह बंद करत होतात. काका उतरायच्या शिडीवर उभे राहून हाका मारत होते. बंदूकवाली पोरंसुद्धा खाली वाकून "याल्ला, याल्ला", चला चला, असं ओरडत होती म्हणे. तुम्ही वर आलात ते हात पुसत. हात पुसत! काकू सांगताना हसत होत्या, मला हसू आलं नाही. मला तुमचा एवढा राग आला की मी फोन इराकडे दिला.

आणि मग परवा तुमचा फोन आला.

मी उचलला. तुम्ही म्हणालात, "आईला दे." आई इराला शाळेतून आणायला गेली होती. मी म्हटलं, "आई नाहीये. माझ्याशीच बोलावं लागेल." लाइनमध्ये खरखर होती, मला वाटलं कट झाला. मग तुम्ही म्हणालात, "जनरेटर बंद केला ना, तर इतकी शांतता झाली. सगळं जहाज काळं. माझाच हात मला दिसेना." आणि मग म्हणालात, "सोडलं गं मी."

तुमचा आवाज असा मी कधी ऐकला नव्हता. मला वाटलं तुम्हाला सर्दी झालीय.

मी म्हटलं, "बरं केलंत."

एवढंच म्हटलं. मग आई आली, मी फोन दिला आणि बाल्कनीत जाऊन उभी राहिले. खाली लोक सायकली घेऊन ईस्ट कोस्टला चालले होते. मला उगीच वाटत राहिलं की आणखी काहीतरी बोलायला हवं होतं, पण सुचलं नाही. आत्ता सुचतंय ते लिहिते.

डोंबिवलीच्या मराठी शाळेतून मला इथे आणलंत, तेव्हा मी तेरा वर्षांची होते. इंग्लिश येत नाही म्हणून दोन वर्षं खालच्या वर्गात बसवलं. मी वर्गातल्या पोरांपेक्षा उंच. बाईंनी वाचायला उभं केलं की पोरं माझ्यासारखं बोलून दाखवायची, मग मी बोलणंच बंद केलं. ओ लेव्हलच्या, म्हणजे इथल्या दहावीच्या वर्षी तोंडी परीक्षेच्या सरावाला बाईंनी नाव पुकारलं आणि मी दप्तर उचलून गेटबाहेर आले. त्या दिवशी मला इतकं शांत वाटलं. आणि इतकं काळं. दोन्ही. घरी येऊन तुम्हाला सांगितलं तेव्हा कोणी "बरं केलंस" म्हणालं नाही. बरं केलंही नसेल बहुतेक. पण कुणीतरी एकदा म्हणायला हवं होतं. मग पुढचं ओरडला असतात तरी चाललं असतं.

परवा तुम्हाला म्हटलं ते मी मनापासून म्हटलं. तुम्ही वाईट वाटून घेऊ नका, आणि काकांना मीठ स्वतः मागा.

तुमचं विमान शुक्रवारी येतंय. उद्या गणपती बसतायत, आरतीला आईने अख्ख्या मजल्याला बोलावून ठेवलंय, शुक्रवारीसुद्धा येतील. सगळे तुम्हाला युद्धाचं विचारतील. तुम्हाला त्यांच्याशी नाही बोलायचं तर मी दार लावून घेईन, मला जमतं ते आता.

मी परत शाळेत जाणार का, ते मला माहीत नाही. आल्या आल्या विचारू नका. आंघोळ करा, जेवून घ्या. मग विचारा.

योगिनी